चार भोकांचा माल

माझ्या पोटाचा अपमान आजवर एकाच माणसानं केला, आणि तोही भर दुपारी, सगळ्या खात्याच्या देखत.

पित्ताशय काढून, रजा संपवून मी पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये पुन्हा हजर झालो, तो दिवस होता. माझं काम लॅबमध्ये रंगाच्या छटा जुळवण्याचं. लॅबकडे जाताना चेकिंगचा हॉल ओलांडावा लागतो. मागावरून उतरलेलं कच्चं कापड रंगायला जाण्याआधी तिथे तपासलं जातं. काचेची तिरकी टेबलं, काचेखाली ट्यूबलाइट आणि वरून सरकत जाणारं कापड. भोक, तुटलेला धागा, तेलाचा डाग, काहीही असलं तरी खालच्या उजेडात ते लपत नाही. दिसलं की चेकर त्या जागेसमोर किनारीला एक लाल दोरा बांधतो. दोरे फार झाले की अख्खा तागा, ज्याला सुरतेत सगळे ताका म्हणतात, तो 'सेकंड' ठरतो आणि बाजूला पडतो. या हॉलचे मुख्य होते आप्पा. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगार काढणाऱ्याला माहीत होतं.

"या भाऊ, या," आप्पा म्हणाले. "दुर्बिणीनं केलं ना? भोकं किती?"

"चार."

"बघू."

मला वाटलं, माणूस आपुलकीनं विचारतोय. मी शर्टाची खालची बटणं काढली. आप्पांनी टेबलावरचं कापड थांबवलं, मला त्या तिरक्या काचेला पाठ टेकवून उभं केलं आणि खालच्या ट्यूब लावल्या. तो उजेड माझ्या पाठीतून आरपार पोटाकडे येणार नव्हता, हे त्यांनाही कळत असणार. पण उजेड लावल्याशिवाय काही तपासायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि माझ्या पोटासाठी ते तो मोडणार नव्हते. खिशातून त्यांनी धागे मोजायचं छोटं पितळी भिंग काढलं, घडी उलगडली आणि ते माझ्या बेंबीवर ठेवून एक डोळा मिटून वाकले. मग छातीच्या हाडाखालचं भोक, मग उजव्या बाजूची दोन बारकी भोकं. तोवर हॉलमधले सगळे काम सोडून भोवती जमले होते.

"हात बरा आहे," शेवटी ते म्हणाले. "टाके सरळ आहेत. पण माल सेकंड."

आणि माझ्या शर्टाच्या पट्टीला त्यांनी चार लाल दोरे बांधले. आधीच पोटाची चाळण झालेली, त्यात हे. दिवसभर लॅबमध्ये जो येई तो दोरे बघून गालातल्या गालात हसे, आणि मी मनातल्या मनात चरफडत निळ्याच्या छटा जुळवत होतो.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले, आधी मागावर उभे राहिले, मग चेकिंगला लागले आणि तिथेच मुरले. चेकिंग त्यांच्या डोळ्यांत इतकं भिनलं होतं की मिलचं फाटक ओलांडलं तरी ते थांबत नसे. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी नवरीच्या शालूचा पदर उजेडाकडे धरून बघत. नवरीच्या आईला वाटे, पाहुण्यांना शालू फारच आवडला. रिक्षात बसले की सीटचं कव्हर, डॉक्टरांकडे गेले की पडदा, आमच्या घरी जेवायला आले की ताटाखालचं टेबलक्लॉथ. एकदा सोसायटीच्या गणपतीत आरती चालू असताना ते टाळ वाजवायचे थांबले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मूर्तीमागचा पडदा बघा. वरच्या चुणीत धागा तुटलाय." पुढची सगळी आरती माझंही लक्ष त्या चुणीत. त्या वर्षी बाप्पानं माझं काहीही ऐकलं नाही, त्याचं खापर मी अजून आप्पांच्या डोक्यावर फोडतो.

माणसंही ते कापडासारखीच वाचत. आमच्या मिलचे मॅनेजर रोज परीटघडीचे कपडे घालून येत आणि रोज कुणाला तरी शिव्या घालत. त्यांच्याबद्दल आप्पांचं मत, "प्रिंट झकास, आतलं कापड खराब." माझा मुलगा शाळेत जायला लागल्यापासून घरातही गुजराती बोलायला लागला, तेव्हा मी कुरकुर केली. आप्पा म्हणाले, "काय बिघडलं? कापड खानदेशी, डाइंग सुरती. रंग पक्का बसलाय, आता कितीही धुवा." माझ्या सासऱ्यांना एकदाच भेटले आणि एवढंच म्हणाले, "पहिल्या धुण्यात आकसणार." हे मत मात्र शंभर टक्के खरं निघालं, पण ते बायकोला सांगायची सोय नाही.

स्वतःबद्दल ते फार बोलत नसत. फारच छेडलं तर छाती पुढे काढून म्हणत, "आपण फ्रेश." फ्रेश म्हणजे आमच्या धंद्यात बिनडागी, पहिल्या प्रतीचा माल. आणि ते खरं होतं. या वयापर्यंत आप्पांच्या अंगावर एक टाका नव्हता, जखमेचा एक व्रण नव्हता. मागावर काम केलेल्या माणसाच्या हातावरही कुठे ओरखडा नसावा, याचं त्यांना फार अप्रूप होतं. आंघोळीनंतर आरशासमोर ते स्वतःला पुढून-मागून तपासत असत, असं वहिनींनी आम्हाला सांगितलं होतं. वहिनी म्हणजे आप्पांची बायको. लहानखुरी, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला बसायला खुर्ची लागेल अशी.

आणि अशा फ्रेश माणसाच्या पोटात खडे निघाले.

चंदी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेत माव्याची घारी खायची असते. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळे जमलो होतो. तुपानं थबथबलेली घारी आप्पांनी आधी उजेडाकडे धरून बघितली, मग खाल्ली, मग आणखी एक खाल्ली. थोड्या वेळानं उजव्या बरगडीखाली असा पीळ बसला की ते गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसले. दुखणं पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलं होतं.

मी त्यांना माझ्याच सर्जनकडे घेऊन गेलो. डॉक्टरबेन सुरतेच्याच, चटपटीत आणि हसऱ्या. त्यांनी फिल्म बघितली आणि म्हणाल्या, "काका, आ तो काढवुं ज पडशे." मग हिंदीत नीट समजावलं. खडा सरकून मुख्य नळीत अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंड सुजेल, पित्ताशयात पू झाला तर जिवावर बेतेल. वाट बघत बसू नका.

आप्पांनी हे सगळं माझ्यासारखंच ऐकलं, पण त्यांच्या कानात शिरलं ते वेगळं. "भोकं किती?" त्यांनी विचारलं.

"साधारण चार."

"चार नाही. एक. बेंबीतून."

डॉक्टरबेननी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"बेंबीचं भोक मुळातलं आहे," आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "आईच्या पोटातून येतानाच मिळालेलं. त्याला कुणी दोरा बांधत नाही. तिथूनच आत जा, तिथूनच बाहेर या. माल फ्रेशचा फ्रेश."

बाईंनी हसून दाखवलं नाही, याबद्दल मी त्यांना मानतो. त्यांनी टेबलावरची दोन पेनं घेतली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीतून दोन्ही एकदम आत घातली. पेनं एकमेकांवर आपटू लागली. एका भोकातून असं होतं, त्या म्हणाल्या. करता येतं, करणारे छान करतात, व्रण बेंबीत लपतो. पण हत्यारं एकमेकांच्या आड येतात, वेळ जास्त लागतो, बेंबीचा छेद मोठा घ्यावा लागतो आणि तिथे पुढे हर्निया होण्याची भीती थोडी जास्त. मग मूठ सोडून त्यांनी पेनं दोन्ही बाजूंनी धरली. चार भोकांत कॅमेरा एकीकडून, हात दुसरीकडून, पित्ताशय वर उचलून धरणारं हत्यार तिसरीकडून. सगळ्यांना आपापली जागा. काही जण तीनवर भागवतात. काही जण अगदी बारीक हत्यारं वापरतात. आणि रोबोटही आहे.

"रोबोटला भोकं किती?"

"तेवढीच, काका."

आप्पा उठले. "नमुने बघून सांगतो," म्हणाले.

सुरतेत राहणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. इथे साडीच्या आतलं अस्तर घ्यायचं तरी माणूस पाच दुकानं फिरतो, कापड चिमटीत धरून चोळतो, घडी मोडून बघतो. आप्पांनी ऑपरेशनही तसंच घ्यायचं ठरवलं. कोणाच्या पोटाचं काम कसं उतरलंय, ते स्वतः बघायचं आणि मग माल पसंत करायचा. आत काय झालंय ते वरून दिसत नाही, हे त्यांना मी सांगून पाहिलं. "कापडाचंही आतलं वरूनच कळतं," ते म्हणाले. आणि या संशोधनाला त्यांनी माझी स्कूटर जुंपली.

पित्ताशय काढलेली माणसं सुरतेत इतकी असतील, याची मला कल्पना नव्हती. पांडेसऱ्यातला किराणावाला निघाला, पलसाण्याच्या एका मिलमधला बॉयलरवाला निघाला. बॉयलरवाल्याची तीन भोकं होती. आप्पांनी त्याला वजनकाट्याशेजारी उभा करून भिंग लावलं आणि म्हणाले, "चारपेक्षा एक दोरा कमी, पण ओळ चुकलीय." नदीपलीकडच्या एका साडीच्या व्यापाऱ्यानं रोबोटवर करून घेतलं होतं. तो हौशी निघाला. दुकानात गिऱ्हाईक असताना गादीवर आडवा पडून त्यानं पोट उघडं केलं. आप्पांनी भोकं मोजली, पुन्हा मोजली. "एवढं मोठं मशीन, आणि भोकं तेवढीच?" व्यापारी असा चिडला की आम्हाला आलेला चहा परत गेला.

एका भोकाचा नमुना कामरेजला सापडला. ऊस लावणारे एक पटेलभाई होते. ते अंगणात खाटेवर उताणे झोपले, त्यांची म्हातारी आई, बायको, शेजारी असा सगळा गोतावळा भोवती उभा राहिला, आणि आप्पा त्यांच्या बेंबीत भिंग लावून वाकले. बराच वेळ ते उठेनात. पटेलभाईंनी मान उचलून मला विचारलं, "शुं जुए छे?" आता काय बघतायत ते मी कसं सांगणार? शेवटी आप्पा उठले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"भाऊ, भिंगातसुद्धा दिसत नाही. फ्रेश!"

पटेलभाईंनी खरेपणानं सांगितलं की बेंबी पुढे बरेच दिवस झरत होती, ड्रेसिंगला खेपा घालाव्या लागल्या, आणि डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सगळ्यांना हे जमतंच असं नाही. आप्पांनी ते हवेत उडवून लावलं. "फिनिशिंगला एवढं तेवढं होतंच," म्हणाले.

या फेऱ्यांमध्ये दिवस चालले होते आणि आप्पांचं दुखणं काही थांबलं नव्हतं. तुपाला, तळणाला ते हात लावत नव्हते. वरणभात खाऊनही कधीकधी बरगडीखाली हात दाबून बसत. चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला होता. मला त्यांचा रागही येत होता आणि काळजीही वाटत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मी ओरडतो. तसा मी दोनतीनदा ओरडलोही. ते शांतपणे म्हणत, "एक नमुना राहिलाय."

बायकांची पोटं आपण बघायची नाहीत, एवढी अक्कल त्यांची शाबूत होती. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत असताना त्यांनी वहिनींना विनवलं, की शेजारच्या दोघीतिघींचं तू बघून ये आणि मला सांग. वहिनींनी गाळणं खाली ठेवलं.

"पोट तुमनं, दुखस तुमले, आनि लोकेसना पोटे देखत हिंडतस!" त्या आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "मी नई जाऊ."

वहिनींनी कमरेला खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला आणि आत गेल्या.

हा प्रसंग मी घरी हसत हसत सांगितला. बायको हसली नाही. "वहिनींचंही पित्ताशय काढलंय," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही?"

मला कुठून माहीत असणार? बायकोला वहिनींनी कुरडया घालताना सांगितलं होतं, अगदी सहज, चीक ढवळता ढवळता. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा दुर्बीण वगैरे काही नव्हतं. धुळ्याला ऑपरेशन झालं, उजव्या बरगडीखाली वीतभर तिरकी चीर दिली. ती पिकली, पू झाला, वहिनी कितीतरी दिवस दवाखान्यात पडून होत्या. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा आप्पा पलंगाशी उभे होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सगळ्या जगाचं कापड उजेडाला धरणाऱ्या माणसानं तेवढं एक बघितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वहिनींनीही त्या दिवसापासून पदर कधी हलू दिला नाही. दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिलमधून परतताना स्कूटरवर मी मुद्दाम खडा टाकून पाहिला. "आप्पा, घरातला नमुना राहिलाच की."

उधन्याच्या पुलापर्यंत मला वाटत होतं, माणूस मागे बसलाय की पडला. मग ते म्हणाले, "तो माल मी चेक केला नाही."

थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांनी त्यात खोट काढली असती, भाऊ. सवयच तशी. तिच्यात खोट काढायची नव्हती मला."

हे वाक्य त्यांनी मला सांगण्याऐवजी योग्य ठिकाणी सांगितलं असतं तर, असं वाटलं आणि वाईट वाटलं. पण आप्पांना असलं काही सुचवायचं म्हणजे त्यांच्या चेकिंगला चूक म्हणण्यासारखं होतं. मी गिअर बदलला.

शेवटी वहिनींच्याच सांगण्यावरून मी त्यांना पुन्हा डॉक्टरबेनकडे ओढून नेलं. आप्पांनी सगळ्या पोटांचा अहवाल तोंडपाठ सादर केला. बाईंनी तो न तोडता ऐकून घेतला. मग विचारलं, "काका, तुमच्या टेबलाखाली ट्यूब किती?"

"भरपूर. सगळी काच उजळते."

"एकच ठेवली तर?"

"एक जरी गेली तरी मी टेबल बंद करतो. अंधारात माल पास करायचा का?"

"मग मी तरी अंधारात कशी कापू?" बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या, एक पित्ताशयाची, एक यकृताकडून येणारी मुख्य, दोन्ही अगदी लगत. ही समजून ती कापली गेली तर जन्माचं दुखणं. "मला आधी दिसलं पाहिजे. एका भोकातून नीट दिसलं तर एक. नाही दिसलं तर चार. तरीही नाही दिसलं तर पोट उघडणार. बाहेरचे व्रण मी मोजत नाही, काका, मी आतली नळी बघते."

आप्पा त्या दोन रेघांकडे बघत राहिले. त्यांना कुणी पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत हरवलं होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. आणि तारीख घेतली दिवाळीनंतरची, कारण दिवाळीआधी मिलमध्ये मालाची घाई असते आणि आपण नसलो तर सेकंड माल फ्रेशमध्ये जाईल. बाई नको म्हणाल्या, वहिनी नको म्हणाल्या, मी तर ओरडलोच. आप्पा हटले नाहीत.

दिवाळी आली नव्हती. सकाळच्या पाळीला आप्पा टेबलाशी उभे होते आणि उभ्या उभ्याच कापडावर ओणवे झाले. अंग तापानं भाजत होतं आणि दात वाजत होते. रिक्षा बोलावली, वाटेत वहिनींना घेतलं. अर्ध्या रस्त्यात आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्यासमोर हात पसरला.

"भाऊ, मार्कर द्या."

मिलचा मार्कर माझ्या खिशाला कायम असतो. ताक्याच्या टोकाला नंबर टाकायची ती शाई, उकळत्या रंगातून गेली तरी हटत नाही. मला वाटलं, माणसाला काही शेवटचं लिहायचंय. आप्पांनी शर्ट वर केला, स्वतःच्या पोटावर बेंबीकडे जाणारा एक बाण काढला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'येथून.' वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. रिक्षावाला आरशात बघून गाडी हळू करायला लागला, त्याला मी दटावलं.

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर वहिनी आप्पांचा शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खिशातलं भिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. मी काहीबाही बोलत होतो, त्या ऐकत नव्हत्या. आपल्याला हा माणूस किती हवाय, ते मलाही तेव्हाच कळलं. माझ्या शर्टाला पुन्हा चार दोरे बांधले तरी चालतील, पण हा माणूस टेबलाशी उभा दिसला पाहिजे, असं मी मनात म्हणत होतो.

डॉक्टरबेन बाहेर आल्या. वहिनी उभ्या राहिल्या. "वाचतीन ना?" त्यांनी विचारलं.

त्यांची भाषा बाईंना कळण्याचं कारण नव्हतं, पण कळली. "सारुं छे, बेन. ठीक आहेत," त्या म्हणाल्या. मग बाकावर टेकल्या. "काकांचा बाण पाहिला. पहिलं भोक तिथूनच केलं. आत सगळ्याचा चिकटून गोळा झालेला, पित्ताशयात पू. मग आणखी तीन केली. तरी कुठली नळी कुठली ते दिसेना. मग मी उघडलं. आणखी उशीर झाला असता तर पोटातच फुटलं असतं."

मी मनात हिशेब केला. एक झालं, चार झाली आणि चीरही झाली. सुरतभर हिंडून बघितलेले सगळे नमुने आप्पांच्या एका पोटावर उतरले होते. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, आणि वहिनी माझ्यासाठी रुमाल शोधतायत हे बघून मी आणखी ओशाळलो.

पुढे पट्टी सोडायची वेळ आली त्या दुपारी मी तिथेच होतो. सिस्टरनं चिकटपट्टी अलगद ओढायला सुरुवात केली आणि आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी वहिनींकडे बघितलं. त्या आप्पांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होत्या. त्यांना काय आठवत होतं, ते सांगायची गरज नव्हती.

"देखा ना," त्या म्हणाल्या.

"नई. तूच देख."

वहिनींनी कनवटीचं भिंग काढलं, घडी उलगडली आणि आप्पा वाकायचे तशा वाकल्या. छातीच्या हाडापासून सुरुवात केली, बरगडीखालच्या चिरेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू भिंग नेलं, मग बाजूची भोकं, मग बेंबी. शाईचा बाण तसाच ठळक होता.

"काय शे?" भिंतीकडून आवाज आला.

"टाका सरळ शेतस."

"सेकंड ना?"

वहिनींनी भिंग मिटलं. "सेकंडच," त्या म्हणाल्या. "आते आपन दोन्ही एकच ताकाना."

आप्पांनी मान वळवली. आधी स्वतःच्या पोटाकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग वहिनींकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"दे भिंग," ते म्हणाले. "आते तुन्हं देखाड."

वहिनींनी माझ्याकडे एक नजर टाकली. मला एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात रस वाटू लागला. सिस्टर हुशार होती, तिनं पट्टीचा ट्रे उचलला आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. आम्ही दोघं बाहेर उभे. आत पदर सुटल्याची सळसळ झाली, मग काहीच आवाज येईना.

"अंदर शुं चाले छे?" सिस्टरनं हळूच विचारलं.

मी उत्तर देणार, तेवढ्यात पडद्यामागून आप्पांचा आवाज आला, खातं चालवताना असायचा तसाच, फक्त जरा घोगरा.

"भाऊ, तेवढी ट्यूब लावा."

मी लावली.